कोसमगढीचा दरवाजा

ताडोबाच्या तळ्यावर पहाटेचे धुके अजून दाट होते. आज जिथे राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखली आहे, त्या अरण्यावर तेव्हा चांद्याच्या गोंड राजांचा अंमल चाले, आणि बांबूच्या रानात दडलेली कोसमगढी ही त्या अंमलाची शेवटची चौकी होती. गढीच्या बुरुजावर ठाणेदार कोवाजी मडावी उभा होता. शत्रूचे भय त्याला ठाऊकच नव्हते. त्याला धास्ती होती ती आपल्याच माणसांची.

राजा निवर्तला होता, दिवाणाने गादी बळकावली होती, आणि विधवा राणी तान्ह्या राजपुत्राला पदराआड घेऊन गढीच्या आश्रयाला आली होती. सोबत होता तिचा जुना कारभारी पिलाजी. तेव्हापासून इथली प्रत्येक मसलत दिवाणाच्या कानी जात होती. रसदेची वाट बदलावी, तर नव्या वाटेवर दिवाणाचे स्वार आधीच दबा धरून बसलेले!

आता दिवाणाचा वकील विसाजी नाईक तळ्याकाठी येऊन ठेपला होता. त्याचा निरोप होता, ‘तारूदेवाच्या झाडाखाली अभयाची शपथ घेतो, राणीसाहेबांनी समक्ष यावे.’ देवाच्या त्या थानापाशी कोणी शस्त्र नेत नसे, आणि तिथे खोटी शपथ घेणाऱ्याला वाघ सोडत नाही, अशी साऱ्या रानाची श्रद्धा होती.

“चांद्याच्या वाड्यात वाढलेल्या विसाजीला आपल्या थानाची रीत सांगितली कोणी?” कोवाजीने विचारले.

“बोलू नये, ठाणेदार,” पिलाजी हलक्या आवाजात म्हणाला, “पण बाहेरच्या माणसाशी बोलायची सवड दरवाजावरच्या पहारेकऱ्यालाच असते.”

दरवाजावर होता सेतू टेकाम, कोवाजीची पत्नी मैना हिचा पाठचा भाऊ. कोवाजीचे मन क्षणभर अडखळले. पण महिनाभर संशयाने पोखरलेल्या मनाला तेवढा धक्का पुरला. त्याने खाली उतरून सेतूपुढे हात पसरला.

“तलवार दे. आजपासून दरवाजा पिलाजींकडे.”

सेतूचा चेहरा उतरला. “भाऊजी, माझा गुन्हा तरी सांगा!”

“गुन्हा सिद्ध असता, तर नुसती तलवार मागितली नसती.”

सेतूने तलवार दिली आणि तो बाजूला झाला.

वकिलाची नियत पारखायची, तर राणीचा मेणा जायलाच हवा होता; आणि राणीच्या जागी मैना आपण होऊन मेण्यात बसली. हे गुपित राणी, कोवाजी आणि पिलाजी यांनाच ठाऊक होते. मैनेने पडदा ओढता ओढता एवढेच विचारले, “सेतूवर खरंच संशय आहे तुमचा?” कोवाजीने भोयांना मेणा उचलायची खूण केली.

थानाच्या अलीकडे सर्वांनी शस्त्रे उतरवली. विसाजी मोठ्या अदबीने सामोरा आला, तारूची महती गाऊ लागला, राजघराण्याचे उपकार आठवू लागला; पण शपथेचा शब्द काही त्याच्या ओठी येईना.

मेण्यातून मैना कुजबुजली, “अहो, हा मेण्याकडे बघतसुद्धा नाही. राणी इथे नाही, हे त्याला कळलंय. तो नुसता वेळ काढतोय!”

कोवाजीला सारे एकदम उमगले. मेण्यात राणी नाही, हे सेतूला ठाऊक नव्हते. पिलाजीला होते. आणि दरवाजा आता पिलाजीच्या हाती होता, आपणच दिलेला!

त्याने विसाजीला हिसडून बाजूला लोटले, तलवार उचलली आणि माणसांना हाक देऊन तो गढीकडे सुटला. मागून मैना मेणा टाकून अनवाणी धावत होती.

गढीपुढे दिवाणाचे स्वार दाटले होते, तरी दरवाजा बंद होता. पाठीवर अचानक आलेला हल्ला पाहून स्वार गोंधळले. थोडी चकमक झाली आणि ते रानात पांगले. आतून राणीने स्वतः अडसर काढला. त्याआधी पिलाजीने स्वारांना दरवाजा उघडला होता, तेव्हा निःशस्त्र सेतू एकटा धावून आला होता. आत शिरू पाहणाऱ्यांना अडसराच्या लाकडाने झोडपत त्याने कवाडे पुन्हा लोटली होती, आणि लोटता लोटता भाल्याचा घाव छातीवर घेतला होता. पिलाजीला दासींनी खांबाला बांधून ठेवले होते.

कोवाजीने सेतूचे डोके मांडीवर घेतले. “चुकलो रे, सेतू!”

“राजपुत्र...?”

“सुखरूप आहे.”

सेतूने मान हलवली आणि डोळे मिटले. धापा टाकत मैना दरवाजात पोहोचली, तेव्हा सारे संपले होते.

पुढे दिवाणाचा पाडाव झाला, राजपुत्राला गादी मिळाली, आणि पिलाजीला चांद्याच्या वेशीवर देहान्त शासन झाले. राणीने कोवाजीला दरबारात मानाची जागा देऊ केली. ती त्याने हात जोडून नाकारली. तळ्याकाठी गोंडांच्या रीतीप्रमाणे सेतूच्या नावाचा दगड उभा राहिला. तो उभा राहीपर्यंत मैना माहेरीच होती.

ती परतली, तेव्हा कोवाजी उंबऱ्याशी उभा होता. “मला माफ करशील?” त्याने विचारले.

“ते मला अजून ठाऊक नाही,” मैना म्हणाली, आणि त्याच्या शेजारून घरात जाऊन तिने चूल पेटवली.