त्याच्या पाठीमागचा हिवाळा

आधी मला त्याची पाठच दिसली.

ऑक्टोबर होता. आकरुमहून हेरेनव्हेनला जाणाऱ्या कालव्याकाठच्या रस्त्यावर समोरून असा काही वारा सुटला होता की पाऊस खाली पडायचं सोडून आडवाच धावत होता. मी सायकलवर, सरावाला उशीर झालेला, तोंडात वाऱ्याला शिव्या. तेवढ्यात पुढं एक उंच माणूस दिसला—पिवळा रेनकोट, ही रुंद पाठ! मग मी तेच केलं जे आमच्याकडं कुणीही करतं. दातओठ खात त्याला गाठलं आणि त्याच्या मागच्या चाकाला चिकटले. अहाहा... वारा एकदम गायब.

आमच्याकडं याचा एक रिवाज आहे. आडोसा कुणाचाही घ्यावा, त्याला ओळखदेख लागत नाही. पण थोड्या वेळानं आपणही पुढं यावं आणि वारा अंगावर घ्यावा. पुढचा माणूस कोपर हलवतो, म्हणजे आता तुझी पाळी. त्यानं कोपर हलवलं. मी बघितलंच नाही... म्हणजे बघितलं. त्यानं पुन्हा हलवलं. मी कालव्यातली बदकं न्याहाळत राहिले.

थिआल्फ या बर्फाच्या स्टेडियमच्या फाटकाशी तो उतरला आणि वळला. नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं.

"काय, झाली का झोप?"

"कसली झोप?"

"नाही, इतकं कोपर हलवलं की आता खांद्यातून निखळेल. म्हटलं मागं कुणी डुलकी काढतंय बहुतेक."

"मला वाटलं तुम्हाला खाज सुटलीय."

तो हसला. हसताना डोळे अगदी बारीक झाले त्याचे, आणि मला उगाचच सायकलचं कुलूप सापडेना.

"तुम्ही इथंच असता?" त्यानं विचारलं.

"हो. स्केटिंग करते मी," जरा ऐटीतच सांगितलं.

"वा! माझा आज पहिला दिवस. हिस्के वाल्टा म्हणून कुणी आहे ना, तिच्या पुढं पळायला ठेवलंय मला. कशी आहे हो ती?"

कुलूप सापडलं. मी ते शांतपणे लावलं.

"भयंकर," मी म्हणाले आणि आत निघून गेले.

अर्ध्या तासानं बर्फावर आमचे प्रशिक्षक सीत्से यांनी आमची ओळख करून दिली, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. थंडीनं असतील, असं तो म्हणाला.

युर्रे त्याचं नाव. टेर्सखेलिंग बेटावरचा. लांब पल्ल्याच्या शर्यती खेळायचा, पण देशाच्या संघात काही त्याची वर्णी लागली नव्हती. माझं दुखणं वेगळं होतं. माझी शर्यत पंधराशे मीटरची, आणि शेवटच्या फेरीत माझे पाय मला ओळख दाखवेनासे होत. सीत्सेंनी तोडगा काढला: सरावात पुढं एक दणकट गडी पळेल, हिस्के त्याच्या आडोशाला राहील, आणि पायांना वेगाची सवय लागेल.

पायांना लागली की नाही, कोण जाणे. मला लागली.

सबंध हिवाळा मी ती पाठ बघितली. स्केटिंगच्या सूटची मधली शिवण, वळणावर किंचित खाली जाणारा डावा खांदा. पाठीवरूनच मला कळायचं, आज याची झोप झालेली नाही... आज याच्या घरून फोन आलाय... आज स्वारी खूश आहे. शर्यतींची मालिकाच: नोव्हेंबरात जपान, डिसेंबरात नॉर्वे, जानेवारीत अमेरिका. गाव बदलायचं, बर्फ बदलायचा, माझ्या डोळ्यांपुढं तेच.

मुळात मला स्वस्थ बसता येत नाही. जेवते ती उभ्यानं, फोनवर बोलते ती चालत. विमानात तर मी मागून पुढं आणि पुढून मागं येरझाऱ्याच घालते. जपानला जाताना युर्रेनं पाय पसरून माझी वाटच अडवली.

"तिकीट सीटचं काढलंय की चालायचं?"

"पाय काढ."

"पायलटला वाटेल विमान डुगडुगतंय. बस की जरा!"

"बसले की मनात काहीबाही येतं."

"उदाहरणार्थ?"

मी त्याच्या पायांवरून ढांग टाकून पुढं गेले. उदाहरण काय कपाळ देणार!

आणि मग नॉर्वे. मागच्यानं पुढच्याच्या कमरेवर बोटं टेकवायची असतात, अंतर कळावं म्हणून. सगळेच टेकवतात, त्यात काही विशेष नाही. त्या दिवशी सराव संपला, बाकीचे बाहेर पडले, आम्ही दोघं सावकाश फिरत राहिलो. आता अंतर कळायची काही गरज नव्हती. माझा हात मात्र तिथंच होता. एक वळण गेलं... दुसरं गेलं... त्यानं वेग वाढवला नाही, कमीही केला नाही.

"हात गार पडलाय तुझा," तो पुढं बघतच म्हणाला.

"हो. काढते."

"मी काढ म्हणालो का?"

बस्स. एवढंच. त्यानंतर मी रात्री नीट झोपले असेन, तर शपथ.

फेब्रुवारीत सीत्सेंनी मला बाजूला बोलावलं. आमचा संघ एका कंपनीचा, आणि पुढच्या वर्षी त्यात एक माणूस कमी करायचा होता.

"सरळ सांगतो. इथल्या, मालिकेतल्या शेवटच्या शर्यतीत चांगली पळालीस आणि नॉर्वेतल्या हामारच्या जागतिक स्पर्धेत पोचलीस, तर युर्रेचा उपयोग झाला असं मालकांना सांगता येईल. नाही तर मार्चअखेर तो मोकळा."

"त्याला माहितेय?"

"त्याचं तो बघेल. तू बर्फाकडं बघ."

बर्फाकडं कसली बघते! युर्रेला विचारावं तर शब्द ओठापर्यंत येत आणि तिथूनच माघारी फिरत. वर तोही हल्ली गप्प गप्प असायचा, सीत्सेंशी कोपऱ्यात कुजबुजायचा, मी आले की दोघं हवापाण्याचं बोलायला लागायचे. मी मेमला, म्हणजे माझ्या आईला, फोन केला.

"सांगून टाक त्याला," मेम म्हणाली. तिच्याकडं सगळ्यावर तेवढंच औषध असतं.

"अगं, शर्यत तोंडावर आलीय."

"तुझी शर्यत कधी तोंडावर नसते गं? आणि आत्तासुद्धा चालत बोलतेयस ना? भिंतीवर आपटशील."

खरंच आपटले.

रविवारी दुपारी थिआल्फमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडं नारिंगी टोप्या, बँडवाले जीव खाऊन वाजवत होते, आणि सुरुवातीच्या रेषेवर मी. जोडीला कालिना, पोलंडची. तिला आतली वाट, मला बाहेरची. आमच्या शर्यतीत दोघी शेजारी शेजारी पळतात आणि दर फेरीला पलीकडच्या सरळ पट्ट्यावर वाटांची अदलाबदल करतात. आतली बाहेर, बाहेरची आत, म्हणजे दोघींना अंतर सारखं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरांनाही येतं.

बंदूक वाजली, आणि काय सांगू, मी पळाले! पाय माझे होते, श्वास माझा होता. शेवटची फेरी सुरू झाली तरी पाय शाबूत. लोक उठून उभे राहिलेले दिसत होते. कालिना जेमतेम दोन हात पुढं. शेवटची अदलाबदल. ती आतून बाहेर आली, नेमकी माझ्या पुढ्यात. आणि वारा बंद झाला.

एक पाठ. मधली शिवण. आडोसा.

मी त्या पाठीमागं शिरले आणि तिथंच राहिले. हिवाळाभर दुसरं केलं काय होतं मी? राहा मागं, सोडू नकोस... एवढंच डोक्यात होतं. मला आत जायचं होतं. मी गेलेच नाही. तिच्या मागोमाग बाहेरच्या वळणाला लागले, तेव्हा आतली वाट रिकामी दिसली. काठावर सीत्सेंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. बँडवाल्यांना बिचाऱ्यांना काही कळलंच नाही, ते वाजवत राहिले.

बाद.

थिआल्फच्या मागं बर्फ खरवडणारी गाडी चुरा आणून ओतते. त्या ढिगाभोवती मी फेऱ्या मारत होते. अंगावर सूट, वर कोट, सूटचं डोक्यावरचं टोपडं मागं भिरकावलेलं. दार वाजलं. युर्रे होता.

"हिस्के..."

"काही बोलू नकोस! घालवला मी तुला. माझ्यामुळं चाललास तू."

"अगं, थांब तरी—"

"हामार गेलं खड्ड्यात! हामारसाठी पळत नव्हते मी. तू राहावास म्हणून पळत होते. आणि पुढं एक पाठ दिसली, आणि मी... मला ती सुटेना." आता रडूच फुटलं. नाक गळायला लागलं, ते सुद्धा आत्ताच! "मला तू आवडतोस, युर्रे. पहिल्या दिवसापासून. झालं सांगून. आता जा तू."

तो गेला नाही. कोटाच्या खिशातून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला.

"मी गेल्याच आठवड्यात सीत्सेंना सांगितलंय. पुढच्या वर्षी मी नाही. तू जिंकली असतीस, तरी नाही."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

"म्हणजे मी इतके दिवस उगाच... आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सीत्से म्हणाले, शर्यतीआधी सांगितलंस तर तिचं लक्ष उडेल."

"उडेल? उडेल! मूर्ख आहात तुम्ही दोघं!"

"आज पटलं."

"पण का? माझ्यापुढं पळायचा इतका कंटाळा आला तुला?"

त्यानं चुऱ्याच्या ढिगाला हलकेच लाथ मारली.

"पुढच्याला मागचं काही दिसत नाही, हिस्के. तू हिवाळाभर मला बघितलंस. मी काय बघितलं? बर्फ. जपानचा बर्फ, नॉर्वेचा बर्फ, अमेरिकेचा बर्फ. तुझा श्वास ऐकू यायचा... हात कळायचा... वळून बघावं तर तुझ्यासकट पडलो असतो. आणि जेवताना बघावं म्हटलं तर तू एका जागी असतेस कुठं? मला ते काम नको होतं. मला तुझ्याकडं बघायचं होतं."

मी चक्क एका जागी उभी राहिले. मी!

"आणि... जाणार कुठं?" मी विचारलं.

"आकरुमला. होड्या दुरुस्त करणारा तो म्हातारा आहे ना, पुलापाशी? एप्रिलपासून त्याच्याकडं."

आकरुम. माझं आकरुम. मेमच्या दारापासून तो पूल दिसतो.

युर्रे आता बघत होता. नुसता बघत होता, सावकाश, कुणी आपल्या घरात पहिल्यांदा दिवा लावून बघतं तसा.

"केस इतके तांबूस आहेत तुझे?"

"जन्मापासून."

"टोपड्यात नीट कळलंच नाही कधी. आणि इथं, कानाखाली, तीळ."

"असेल... मला कुठं दिसतो तो." मी केस कानामागं सारले. "आणखी काय दिसतंय?"

"सांगतो की. घाई आहे का?"

आत पुढच्या शर्यतीची बंदूक वाजली, लोक ओरडले. बोटं गारठली होती, नाक लाल झालं असणार, आणि तो अजून बघतच होता.

"नाही," मी म्हणाले. आणि खरंच नव्हती.