धुतलेली शाल

"आत्या, लगेच ये. आईची शाल..." फोनवर ठकीला हुंदका आवरेना.

"चोरीला गेली?"

"नाही. कुणीतरी धुतली!"

आत्या विमा कंपनीत जळिताचे दावे तपासत असे. दुकान आपोआप पेटलं की मालकानं पेटवलं, हे ती नुसत्या वासावरून ओळखायची. पण काहीतरी स्वच्छ झाल्याची तक्रार तिच्याकडे पहिल्यांदाच आली होती. तिनं हसू दाबत भावाचं घर गाठलं. दारातच ठकीची भरलेली बॅग दिसली आणि हसू कुठल्या कुठे पळालं.

ठकी बोलायला लागण्याआधीच तिची आई गेली. मागे राहिली ती एक राखाडी लोकरी शाल. ती कधीच कुणी धुतली नव्हती. झोपताना ठकी तिच्यात नाक खुपसायची. 'आईचा वास' म्हणायची.

"मी मावशीकडे राहायला चाललेय. कायमची," ठकी म्हणाली. "नव्या आईनंच धुतली. सहलीला जायच्या आधी आम्ही तिघी जेवत असताना मी तिला नुसतं 'आई' म्हटलं होतं. नवी-बिवी काही नाही. आणि परत येऊन बघते तर हे!"

भाऊ कामासाठी परगावी होता. सहलीच्या दिवसांत घरात दोघीच होत्या: वहिनी, म्हणजे ठकीची नवी आई, आणि पाहुणी आलेली मावशी.

आत्यानं शाल हुंगली. साबणाचा वास. लोकर मऊ होती, कुठे आटली नव्हती. फक्त झालरीचे लांब दोरे सरळ सुटायचे सोडून नागमोडी वळले होते. शाल ठेवायच्या खणाच्या कोपऱ्यात लवंगांची एक पुरचुंडी पडली होती.

तिनं वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं.

"शाल तुम्ही धुतलीत?"

"नाही."

"धुवावीशी वाटली होती?"

वहिनी ओट्याकडे बघत राहिल्या. "रोज वाटायचं. मला त्या शालीचा हेवा वाटतो. दिवसभर मी राबायचं आणि कुशीत घ्यायचं ते तिला! पण हात नाही लावला. फक्त कसर लागू नये म्हणून घडीत लवंगा ठेवायचे. वास गेला की बदलायचे."

"लोकरी कपडे कसे धुता?"

"लॉन्ड्रीत देते. एकदा यांचा स्वेटर मशीनमध्ये टाकला होता. आता तो ठकीच्या बाहुलीला होतो."

"आणि झालरीचं काय करता?"

"झालरीचं काय करायचं असतं?"

मावशी बाहेरच्या खोलीत ठकीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. मोकळ्या केसांवर जुन्या वेणीची वळणं तशीच होती.

"नव्या आईच्या हातची रोज नुसती पोनीटेल," मावशीनं टोमणा मारला. "वेणी घालता येत नाही म्हणे बाईंना."

"मावशी, माझ्याकडे एक लोकरी शाल आहे," आत्या सहज म्हणाली. "घरी धुवायची तर कशी धुऊ?"

"गार पाणी, सौम्य साबण. पिळायची नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायची, सावलीत आडवी पसरायची."

"झालर गुंतते हो."

"गुंतेल कशी? आधी तिच्या बारीक वेण्या घालून टाकायच्या, वाळल्यावर सोडायच्या. आमच्या आईनं आम्हा दोघी बहिणींना शिकवलंय ते. तुमच्या वहिनींना कोण शिकवणार?"

"कुणीच नाही," आत्या म्हणाली. "म्हणूनच तुम्ही सापडलात."

तिनं शाल आणून झालर ठकीच्या केसांशेजारी धरली. दोन्हींना तीच वळणं होती.

"वहिनींनी धुतली असती तर मशीनमध्ये आटली असती, नाहीतर लॉन्ड्रीतून सरळ झालरीची आली असती. ही हातानं, जपून धुतलीय. वेण्या घालून. बहिणीची शेवटची वस्तू बिघडू नये म्हणून तुम्ही रिवाज पाळलात, आणि रिवाजानंच घात केला."

"मी कशाला धुईन? माझ्या सख्ख्या बहिणीची शाल!"

"कारण त्या दिवशी जेवताना तुम्ही पानावर होतात. ठकी वहिनींना 'आई' म्हणाली. शाल धुतली की आळ वहिनींवर जाणार, पोर तुमच्याकडे येणार. पण मावशी, बहिणीचा वास असा पाण्यात सोडून देणाऱ्या तुम्ही नव्हे. तुमच्याकडे तिचं दुसरं काहीतरी असणार."

मावशीचा चेहरा पडला. मग ती भडकलीच.

"हो, धुतली! ही परकी बाई येते आणि माझ्या ताईचं घर घेते, नवरा घेते. आता 'आई'सुद्धा हिचीच? जळत होते मी! अजून जळतेय!"

मावशीनं आपल्या पर्समधून प्लास्टिकची घट्ट बंद पिशवी काढली. आत एक निळा रुमाल होता. तिनं तो ठकीपुढे धरला.

"रडू नकोस, राणी. हा घे. हाही तुझ्या आईनं वापरल्यावर कधी धुतलेला नाही. तुझाच."

ठकीनं नाक लावलं. डोळे मिटले. पुन्हा एकदा हुंगलं.

"हा नाही," ती म्हणाली.

"अगं, नीट बघ. हाच."

"नाही गं मावशी. आईच्या शालीला लवंगांचा वास यायचा."

"ताईला तर लवंग सहनच व्हायची नाही..." मावशी बोलता बोलता थांबली. वहिनींनी तोंडावर पदर धरला होता.

आत्यानं खणातली पुरचुंडी आणून ठकीच्या हातात ठेवली. ठकीनं ती नाकाशी धरली. मग वहिनींजवळ गेली, त्यांचा हात ओढून हुंगला आणि सोडलाच नाही.

दारातली बॅग आत्यानं उचलून आत नेली. मावशीनं रुमालाची घडी केली, पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड घट्ट बंद केलं. तो वास ओळखणारी त्या घरात ती एकटीच उरली होती.