नत्थूजींचा पुकारा

नत्थूजींची एक खोड बायकोनं, आनंदाबाईंनी, जन्मभर शिव्या घातल्या तरी गेली नाही. कुठंही गेले की मागं उभे राहायचे. रेशनची रांग असो, दवाखाना असो, की लग्नाची पंगत. "तुमचं होऊ द्या, माझं काय!" शेताच्या वाटणीचा खटला वर्षानुवर्षं चालला, आणि कोर्टाच्या शिपायानं नावाचा पुकारा केला तेव्हा हा भला माणूस कोण्या म्हाताऱ्यासाठी पाणी आणायला गेला होता. शिपायानं तीनदा नाव घेतलं. कोणी आलं नाही. खटला खारीज. तो परत उभा करता येत होता म्हणे, पण ह्यांना वकिलाला तोंड दाखवायची लाज. त्या लाजेतच गेले.

नात आचल वकील झाली ती त्यांच्या माघारी. सिंदी मेघे गावातल्या घराची पुढची खोली तिचं ऑफिस, बाहेर वऱ्हांड्यात पक्षकारांसाठी लोखंडी बाक. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर पुण्याला नोकरी धरीन, म्हणाली होती. आनंदाबाई तेव्हापासून दिवाळीचे दिवस मोजत.

लोक येत नव्हते असं नाही. येत, बसत, अन् आत न जाताच निघून जात.

वडनेरची सुलोचना आली, नवऱ्यानं घराबाहेर काढलेली. आनंदाबाई म्हणाल्या, "जा ना माय आत. पोट्टी रिकामीच हाये."

"जाईन ना. पयले या बाबाचं होऊ द्या."

"कोन्या बाबाचं वं?"

सुलोचनानं बाकाच्या भिंतीकडच्या टोकाकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

बाई दुःखानं भ्रमली असेल, असं त्यांनी धरलं. पण मग हार्डवेअरवाला मुकेशही तसाच अंग चोरून बसला. "आजी, दुकान सोडून आलो मी, पन रांग मोडनं बराबर नाई."

"थट्टा करतं काय रे माही?"

त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

सगळे गेल्यावर त्यांनी बाकावरून हात फिरवला. सावलीतलं लोखंड थंडगार. भिंतीकडचं टोक तेवढं कोमट, आताच कोणी उठून गेल्यासारखं. चुना मळलेल्या तंबाखूचा वास. त्यांनी ओल्या फडक्यानं बाक पुसला, दुसऱ्या भिंतीला सरकवला. दुसऱ्या दिवशी माणसं आली, आणि भिंतीकडचं टोक सोडूनच बसली.

 त्या दिवसापासून बाकासमोरून जाताना आनंदाबाईंचा पदर डोक्यावर येऊ लागला.

सुलोचना परत आली. तासभर बसली, मग पिशवी उचलून उठली. "बाबाचं काई होतच नाई. माही बस जाते."

खिडकीतून आचलनं ऐकलं. "आजी, मी पुण्याले हो म्हनून टाकते."

"दम धर," आनंदाबाई म्हणाल्या. "तू बी बस वं, सुलोचना."

त्या ऑफिसच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. जनगणनेचे मास्तर विचारायचे तेव्हाही शेजारीण सांगायची. आता त्यांनी कोर्टाच्या शिपायासारखा पुकारा केला.

"नत्थू तानबा भोयर, हाजीर हो!"

आवाज फाटला. मुकेशही आला होता आज; तो दचकला.

"नत्थू तानबा भोयर, हाजीर हो!"

बाकावरचे सगळे भिंतीकडच्या टोकाकडं पाहू लागले.

तिसऱ्यांदा त्यांनी हळूच म्हटलं, झोपलेल्याला उठवावं तसं. "नत्थू तानबा भोयर."

मुकेशनं पाय आत घेतले, कोणाला वाट द्यावी तसे. मग सुलोचनानं.

आनंदाबाई दारातून बाजूला झाल्या. वारा नव्हता. दारावरचा पडदा मधोमध फाकला, आणि पडला.

त्या मागोमाग आत गेल्या. आचल उठून उभी होती, ओठ पांढरे. टेबलासमोरची वेताची खुर्ची करकरत थोडी दबली.

"आजी..."

"भेव नको. आपलाच मानूस हाये. त्याचं ऐकून घे." मग त्या खुर्चीकडं वळल्या. पदर सारखा केला, पण नजर खाली घातली नाही.

"तुम्ही भले होते, याची साक्ष मी देते. पन येडे होते, हे बी सांगते. बोला आता. बाहेर लोकं बसले हायेत."