दोन भिंतींमधली वायर

हे मी रचून सांगत नाही. रचायला डोकं लागतं. ते असतं तर म्हातारपणी वायरी ओढत फिरलो नसतो.

मंगळवार होता. दुपारचे तीन. एका बाईंचं चष्म्याचं दुकान.

मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर नेट गोगलगायीसारखं चालत होतं. कॉम्प्युटर बिचारा निर्दोष होता. त्याच वायरीला माझा लॅपटॉप लावला, तोही रडला. थेट राउटरला लावला, तर सुसाट.

म्हणजे दोष मधल्या वायरीत.

ती वायर दोन भिंतींमधल्या पोकळीतून मागे गेली होती. जुनी ओढून काढून नवी टाकायची, म्हणून मी ती राउटरपासून सोडवली. मदतीला आणलेला मेहुणा मागच्या खोलीतून ओढणार आणि मी पोकळीत शिरून पुढे सरकवणार, असं ठरलं. पोकळीतली हाक मागच्या खोलीत ऐकू जात नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. एक झटका म्हणजे ओढ. दोन म्हणजे थांब.

मी आडवा होऊन शिरलो. हाताला घाम होता. वायर निसटायला लागली, म्हणून मनगटाला गुंडाळली.

नवशिक्यांना मी याच गोष्टीवरून शिव्या घालतो.

एक झटका दिला. वायर सरकली.

दोन दिले. थांबली.

मग... आपोआप पुन्हा सरकली.

मी दोन झटके दिले. पुन्हा दोन.

ओढ वाढली. हात खांद्यातून ताणला गेला. छाती अडकली, मग पोट. ना पुढे, ना मागे.

"अरे, पुरे!" मी ओरडलो.

"काय झालं, दाजी?"

आवाज पाठीमागून आला. मी शिरलो त्या तोंडाशी मेहुणा उभा होता.

"बाई विचारतायत, चहात साखर चालते का?"

"तू इथे... मग वायर कोण ओढतंय?"

"कोणी नाही. मी केव्हाच खाली ठेवली."

वायरीला एक झटका बसला.

डाव्या हाताने कसाबसा खिशातून कटर काढला. मनगटापुढची वायर तोडली. तोडलेलं टोक अंधारात सरपटत गेलं. मागची खोली जेमतेम आठ फुटांवर होती. तरी ते घासत जातच राहिलं... किती तरी वेळ.

मेहुण्याने कमरेचा पट्टा धरून मला बाहेर खेचलं.

तेवढ्यात बाई मागच्या खोलीतून हसत आल्या. "काका, जादू केलीत हो! नेट काय पळतंय!"

मी खाली पाहिलं. राउटरकडचं टोक माझ्याच हातात लोंबत होतं.

काल त्यांचा फोन आला. नेट पुन्हा हळू झालंय. काका, येऊन बघाल का?

मी म्हटलं, बाहेरून नवी वायर टाकून घ्या, ती पोकळी विटांनी बुजवा. पण मेहुणा शेजारीच बसला होता. तो हसला. "दाजी, तुमच्या पोटाला झेपत नाही ते. उद्या मी शिरतो."

त्या दिवशी पोट अडकलं, म्हणून मी वाचलो.

मेहुणा काडीसारखा आहे. तो कुठेच अडकणार नाही.