आपली व्यक्ती सुखरूप बाहेर पडली आहे

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्यावर ती गुदरली, ती नूतन माझी मावसबहीण. आता ती पेणला माझ्याच घरी राहते. हे लिहितेय तेव्हा ती आत भांडी घासतेय. मला आवाज येतोय.

तुम्हाला वाटेल, अमावस्येची रात्र असेल.

नाही.

गेल्या ऑक्टोबरातला मंगळवार. दुपारचे तीन वाजून आठ मिनिटं. डोळ्यांवर येणारं ऊन.

नूतन आणि सुशील तेव्हा रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. सुशील जवळच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून फिटरचं काम करायचा. पाच वर्षांची पिंकी, नूतन आणि तो. तिघांचं नीट चाललं होतं.

त्या वर्षी कंपनीच्या गेटवर नवीन कॅमेरे बसले होते. हजेरीचं कार्ड गेलं, रजिस्टर गेलं. कॅमेऱ्यासमोरून चालत जायचं. तो चेहरा ओळखतो, चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येते, फाटक उघडतं. आत किती माणसं, बाहेर किती, सगळा हिशेब तोच ठेवतो. इतकंच नाही, माणूस बाहेर पडला की घरी मेसेज जातो...

"आपली व्यक्ती सुखरूप बाहेर पडली आहे."

पिंकीला या मेसेजचं भारी वेड. फोन वाजला की ती ओरडायची, "पप्पा निघाले!" आणि नूतन चहा ठेवायची.

त्या मंगळवारी फोन वाजला. तीन वाजून आठ मिनिटांनी.

नूतनने चहा ठेवला.

साडेतीन झाले. चार झाले. चहा दोनदा गरम केला. सुशीलचा फोन बंद.

संध्याकाळी ती पिंकीला शेजारी ठेवून कंपनीच्या गेटवर गेली. गाड्यांच्या शेडमध्ये सुशीलची मोटारसायकल उभी होती. हँडलला डब्याची पिशवी तशीच लटकत होती.

"साहेब, गाडी हितंच हाय. मग माणूस कुठं गेला?"

गेटवरच्या सिक्युरिटी साहेबांनी कॉम्प्युटर बघितला. "ताई, तो तीन-आठला बाहेर पडलाय. सिस्टिममध्ये पहिल्या शिफ्टचं आत कोणीच नाही. शून्य."

"एकदा आत बघा ना. कुठं चक्कर येऊन पडला असंल."

"शून्य म्हणजे शून्य, ताई."

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. पण कंपनीने दिलेला गेटच्या नोंदीचा कागद बघितल्यावर त्यांचाही सूर बदलला. गेटातून स्वतःच्या पायांनी बाहेर गेलेला माणूस. गाडी मुद्दाम ठेवून गेलेला. बायकोशी काही भांडण? बाहेर काही प्रकरण?

नूतन म्हणाली, "नाय."

कोणी ऐकलं नाही.

बुधवार उजाडला. ती पुन्हा गेटवर, पुन्हा चौकीत. दुपारी दमून घरी आली. पिंकीला घास भरवत होती...

फोन वाजला.

तीन वाजून आठ मिनिटं.

"आपली व्यक्ती सुखरूप बाहेर पडली आहे."

"पप्पा निघाले!"

नूतनच्या हातातला घास खाली पडला. तो आत गेल्याची नोंदच नव्हती. मग बाहेर कसा पडला?

तरी ती दाराशी जाऊन बसली. जीव आशेला चिकटतोच.

साधारण अर्ध्या तासाने बाहेरच्या पायरीवर पाऊल वाजलं. मग दुसऱ्या पायरीवर. जड बूट. सुशीलचेच. चौदा वर्षांच्या संसारात ती ढब तिला अंधारातही कळली असती.

पायऱ्या तीन होत्या.

तिसरी वाजलीच नाही...

तिने दार उघडलं. कोणी नव्हतं. दोन पायऱ्या तेवढ्या ओल्या होत्या. तिसरी कोरडी.

गुरुवारी ती तो मेसेज घेऊन चौकीत गेली. हवालदार म्हणाला, "बघा, म्हणजे माणूस धडधाकट आहे. कामावर येतोय, फक्त घरी येत नाहीये."

बाहेर दोन बायका तिच्याकडे बघून कुजबुजल्या. सासरहून फोन आला, "तूच कायतरी बोलली असशील त्याला." त्या दिवशी मी पेणहून तिच्याकडे गेले. ती जेवत नव्हती. रडतही नव्हती. फोन मांडीवर घेऊन बसली होती.

तीन वाजून आठ मिनिटांनी तो माझ्यासमोर वाजला.

शुक्रवारी आम्ही दोघी गेटसमोर जाऊन उभ्या राहिलो. तिथे रघूकाका वडापावची गाडी लावतात. बावीस वर्षं ते त्याच कंपनीत टाइमकीपर होते. कॅमेरे आले आणि त्यांना घरी बसवलं.

"मी डोकी मोजायचो गो," काका म्हणाले. "एक जरी कमी पडला, तर रजिस्टर मिटवायचो नाय. टॉर्च घेऊन आत जायचो. आता मोजणारा कोण हाय?"

तीन वाजता पहिल्या शिफ्टची सुट्टी झाली. माणसं बाहेर आली. नूतनने एकेक चेहरा बघितला. पाच मिनिटांत गेट मोकळं झालं.

आणि मग...

फाटक उघडलं.

समोर कोणी नव्हतं.

गेटवरच्या भोंग्यातून बाईचा गोड आवाज आला, "धन्यवाद. सुखरूप घरी जा."

फाटक मिटलं. नूतनच्या हातातला फोन वाजला.

काकांनी हातातली कढई खाली ठेवली.

कॅमेऱ्यांच्या खोलीत मृणाली नावाची मुलगी कामाला होती. जवळच्या खांब गावची. काकांच्या ओळखीतली. शनिवारी काकांनी तिला गाठलं. नोकरी जाईल म्हणून ती आधी नको म्हणाली. मग नूतनचा चेहरा बघितला आणि मागच्या दाराने आम्हाला आत घेतलं.

तिने आधी मंगळवारचं चित्रण लावलं. सुट्टीच्या गर्दीतला उशिरा निघालेला शेवटचा घोळका. त्यात एक हिरवी चौकट, खाली सुशीलचं नाव. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के.

मृणालीने चित्र थांबवून मोठं केलं.

चौकटीत चेहरा नव्हता. दोन माणसांच्या मधली मोकळी जागा होती...

"याचा कागद पोलिसांना दिला," ती म्हणाली. "चित्र कुणीच बघितलं नाय."

तेवढ्यात तीन-आठ झाले. समोरच्या पडद्यावर गेट रिकामं होतं. उजवीकडून हिरवी चौकट आली. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. हळूहळू, जरा लंगडत असल्यासारखी वरखाली होत. फाटकाशी थांबली. फाटक उघडलं.

नूतनने पडद्यावर हात ठेवला. "अहो..." एवढंच म्हणाली.

मृणालीने खुर्ची पुढे ओढली. चौकट आली कुठून, हे ती मागे मागे शोधत गेली. गेटच्या आधीचा रस्ता. त्याआधी गोदामामागचं वळण. त्याच्याही आधी कंपनीच्या मागच्या टोकाला पावसाच्या पाण्याची जुनी भूमिगत टाकी. तिच्यावर लोखंडी झाकण.

चौकट तिथे सुरू होत होती. दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी. रोज.

आधी जमिनीला टेकलेली असायची. झाकणाला चिकटून. मग हळूहळू वर उठायची...

"मंगळवारचं लाव," मी म्हणाले.

मंगळवारी दुपारी झाकण उघडं होतं. सिस्टिमने इशारा दिला होता, "उघडं झाकण. धोका." आणि खाली लिहिलं होतं, "परिसरात व्यक्ती नाही." तो इशारा बघून कोणीतरी क्रेनवाल्याला पाठवलं. त्याने आत वाकूनही बघितलं नाही. झाकण लावलं आणि गेला.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी.

नूतन धावत सुटली. साहेब आडवे आले. "ताई, परवानगीशिवाय टाकी उघडता येत नाही. आत कोणी नाहीये. सिस्टिम..."

"तुमच्या सिस्टिमचा नवरा हाय का तो?" ती किंचाळली. "माझा नवरा हाय तो! माझा!"

ती झाकणावर जाऊन पालथी पडली. तापलेल्या लोखंडाला कान लावून हाका मारत राहिली. हात भाजले तरी उठेना. रघूकाका दुसऱ्या शिफ्टच्या माणसांना घेऊन आले. आठ जणांनी पहारी घातल्या. साहेब फोनवर कोणाशी तरी बोलत राहिले.

झाकण सरकलं.

सुशील आत होता.

व्हॉल्व साफ करायला ठेकेदाराने त्याला एकट्यालाच उतरवलं होतं. सिस्टिमने बाहेर पडल्याचं दाखवल्यावर त्यानेही चौकशी केली नाही. गंजलेली शिडी तुटली, पाय मोडला. फोन पाण्यात गेला. शेजारी मोठा पंप चोवीस तास चालतो. त्याने किती हाका मारल्या असतील, कोणाला ऐकू जाणार?

मोडक्या पायाने, उरलेल्या शिडीला धरून तो वर पोचला असावा; झाकणाच्या आतल्या बाजूला ओरखडे होते. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र सांगते. जखम जीव जाण्यासारखी नव्हती. बुधवारी सकाळपर्यंत तो जिवंत असावा.

म्हणजे मंगळवारी तीन-आठला, कॅमेऱ्याने त्याला गेटवर ओळखलं तेव्हा, तो टाकीत जिवंत होता. नूतन गेटवर हात जोडत होती, साहेब शून्य म्हणत होते, तेव्हाही जिवंत होता. मग गेटमधून बाहेर पडलं ते काय? मेलेल्याचं भूत म्हणावं, तर तो मेलाच नव्हता. कंपनीने "सिस्टिमचा दोष" असं लिहून दिलं. पण दोष रोज त्याच झाकणापासून चालत निघतो?

रघूकाकांनी त्यानंतर गाडी लावली नाही. "मी असतो तर मंगळवारीच काढला असता गो त्याला," एवढंच ते म्हणत राहतात. मृणालीची नोकरी गेली. कंपनीने सुशीलचं नाव काढून टाकलं आणि मेसेज बंद झाले.

नूतन आणि पिंकीला मी पेणला घेऊन आले.

जानेवारीत विधवा पेन्शनच्या अर्जासाठी मी तिला सेवा केंद्रात नेलं. आता तिथेही चेहरा दाखवावा लागतो. केंद्र चालवणारा साईराज म्हणाला, "ताई, या स्टुलावर बसा आणि मोबाईलकडे बघा." मी दाराबाहेर चपलांपाशी उभी होते. आत ती दोघंच. साईराज फोनच्या मागे, नूतन पुढे. तिच्यामागे भिंत.

फोन म्हणाला, "एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. कृपया एकाच व्यक्तीने समोर बसावे."

साईराजने मागे बघितलं. भिंतीवर देवाचं कॅलेंडर होतं. "याच्यामुळं असंल," म्हणत त्याने ते काढलं.

"एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत."

त्याने स्टूल दुसऱ्या भिंतीला लावलं. कोऱ्या, पांढऱ्या.

"एकापेक्षा जास्त चेहरे..."

साईराज वैतागला. नूतन मात्र शांत होती. तीन महिन्यांत मी तिला इतकं शांत बघितलं नव्हतं. तिने मान किंचित डावीकडे वळवली आणि घरात बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली,

"अहो, जरा बाजूला व्हा ना. एकदाच."

फोनवर हिरवी खूण आली.

मी तिला काही विचारलं नाही. अजूनही विचारत नाही. परवा पिंकीचा वाढदिवस झाला. सगळे म्हणाले, मायलेकींचा फोटो काढ.

मी फोन उचलला. दोघी केकमागे बसल्या होत्या. पडद्यावर चेहऱ्यांभोवतीच्या चौकटी यायला लागल्या...

मी फोन पालथा ठेवला.

किती आल्या, ते मी मोजलं नाही.