पिवळी पट्टी

हे खरं घडलेलं आहे. माझ्या घरात घडलंय, माझ्या लेकीच्या जिवावर बेतलंय. ज्यांना थापा वाटतील त्यांनी इथूनच मागे फिरावं. मला कुणाची समजूत काढायची नाही.

या पानावर अधूनमधून तो वाद निघतोच. रस्त्यात बंद पडलेली गाडी दिसली की पोलिसांनी थांबावं की थांबू नये. कुणी लिहितं, थांबायलाच हवं, पगार कशाचा घेतात. कुणी लिहितं, गाडी बंद पडल्याचं सोंग घेऊन लुटणारे असतात, पोलिसालाही घरदार असतं. दोन्हीकडचे आपापल्या घरात पाय पसरून बोलतात.

मी त्या बंद पडलेल्या गाडीत बसले होते.

आणि न थांबलेला पोलीस माझा सख्खा दीर होता.

थंडीचे दिवस. दुपार उलटून गेली होती, पण संध्याकाळ व्हायला अवकाश होता. बोगद्यातून बाहेर पडलं की मोठ्या रस्त्याला एक लांब उतार लागतो. तिथे त्या दिवसांत भरदुपारीसुद्धा धुकं बसतं. आम्ही टिल्लीला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे निघालो होतो. टिल्ली म्हणजे माझी लेक. वयाच्या मानाने टिल्लीच राहिली, म्हणून तेच नाव पडलं. जन्मापासून तिला दम्याचा त्रास. सकाळपासून छाती वाजत होती आणि पंपातलं औषध तळाला गेलं होतं.

पुढचं सांगण्याआधी त्या पट्टीबद्दल सांगते.

भाऊजी रस्त्यावरच्या गस्तीच्या गाडीवर होते. त्यांच्यात एक पद्धत आहे. बंद पडलेली गाडी दिसली की थांबायचं, खाली उतरायचं, आत कोण आहे ते बघायचं, माणसं सुखरूप जागी हलवायची. मग गाडीच्या आरशाला पिवळी पट्टी बांधायची. पट्टी दिसली की मागून येणाऱ्या गस्तीला कळतं, ही बघून झालीय, आत कुणी नाही. ते थांबत नाहीत. कुणीच थांबत नाही.

आमच्या घरात या पट्टीची कमी नव्हती. भाऊजी उरलेले तुकडे खिशातून घरी आणायचे. सासूबाई त्याने साखरेची पिशवी बांधायच्या. गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी म्हणजे त्या पट्टीचीच वेणी. गाठ मारायची भाऊजींची एक खोड होती. पट्टीला उलटा पीळ देऊन अशी आवळायचे की दाताशिवाय सुटायची नाही. साखर काढताना मी रोज त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. ते हसायचे. "वहिनी, सरकारी गाठ आहे, अशी कशी सुटेल?"

तर, उतारावर आमची गाडी बंद पडली.

आचके दिले आणि गपगार झाली. नवऱ्याने बॉनेट उघडून उगाच इकडेतिकडे हात लावला. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. मग म्हणाला, खाली पेट्रोलपंप आहे, मेकॅनिक घेऊन येतो. निघाला. फोन गाडीतच विसरला, नेहमीप्रमाणे.

मी टिल्लीला मागच्या सीटवर आडवी केली. पंपाचा शेवटचा फवारा दिला. पंप फुसफुसला आणि संपला.

आता तिचा श्वास मला पुढच्या सीटवर ऐकू येत होता. घर्र... घर्र...

मी मदतीच्या नंबरला फोन लावला. बाई म्हणाली, रुग्णवाहिका लांब आहे, पण पोलिसांची गस्त तुमच्या जवळच आहे, ती आधी पोहोचेल. मी लगेच भाऊजींना लावला.

"भाऊजी, बोगद्याच्या उतारावर आमची गाडी बंद पडलीय. टिल्लीला धाप लागलीय."

"मी बोगद्यातच आहे वहिनी. आलोच. घाबरू नका."

माझा जीव भांड्यात पडला. घरचाच माणूस येत होता.

धुक्यातून निळा दिवा आला. हळूहळू जवळ आला. आमच्या अगदी शेजारी मंद झाला. बॅटरीचा झोत आमच्या आरशावर पडला...

आणि गाडी पुढे निघून गेली.

मी बघतच राहिले. मग फोन कानाला लावला.

"अहो भाऊजी, पुढे कुठे चाललात? आम्ही मागे राहिलो."

"कुठे आहात नक्की? मला दिसला नाहीत."

"आत्ता बॅटरी मारलीत ना आरशावर, तीच गाडी."

"वहिनी, ती तुमची गाडी नाही. तुमची पांढरी आहे. ही करडी आहे, जुनी. हिला पट्टी बांधलीय."

मी आरशाकडे पाहिलं.

पट्टी होती. पिवळी. भिजलेली.

निघताना ती नव्हती. आरसा मीच पुसला होता. मी दार उघडून खाली उतरले आणि पट्टी ओढली. सुटेना. नखं लावली, एक नख मोडलं, तरी सुटेना. गाठीला उलटा पीळ होता. तो पीळ मी ओळखला. साखरेच्या पिशवीवर रोज बघत होते मी तो.

मी वाकून दातांनी गाठ सोडवली. तोंडाला मातीची आणि गंजाची चव आली. पट्टी रस्त्यावर फेकून मी आत येऊन बसले.

टिल्लीचा श्वास तसाच चालू होता. घर्र... घर्र...

मग लक्षात आलं.

आवाज दोन होते.

एक टिल्लीचा. आणि एक तिच्याहून जड, खोल, म्हाताऱ्या माणसाचा. टिल्लीचा थांबला की तो यायचा.

मी मागे वळले. टिल्ली एकटीच होती. पण तिचं डोकं सीटवर टेकलेलं नव्हतं. मांडीवर ठेवावं तसं किंचित वर होतं. खाली काही नव्हतं. काचेवर आतून वाफ धरली होती, आणि त्या वाफेत तळहात उमटले होते. मोठे, बोटं वाकडी झालेले. वरपासून खालपर्यंत घसरत आलेले.

"आई," टिल्ली अडखळत म्हणाली, "आजी म्हणतेय... ते थांबत नाहीत."

माझी सासू घरी होती. माझी आई जाऊन कैक वर्षं झालीत.

मी देवाचं नाव घेतलं नाही. मला राग आला होता. भीतीपेक्षा राग जास्त होता, खरं सांगते. मी पुन्हा फोन लावला. भाऊजी पुढून वळसा घेऊन परत येत होते.

"नीट ऐका. गाडी कसलीही दिसू दे. करडी दिसू दे, रिकामी दिसू दे. खाली उतरा आणि मागचं दार उघडा. टिल्ली आत आहे."

निळा दिवा पुन्हा आला. पुन्हा मंद झाला. काचेपलीकडे मला भाऊजींचा चेहरा दिसला. एक हात लांब केला असता तर गालाला लागला असता. मी काच बडवली. ओरडले. ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते.

फोनवर त्यांचा आवाज आला. रडवेला.

"मी नाही उतरणार वहिनी. ड्रायव्हरला इथे काहीच दिसत नाही. मलाच दिसते. ही गाडी रोज असते इथे."

"टिल्ली मरेल हो भाऊजी."

"मला माफ करा."

आणि गेले.

आरशाला पट्टी पुन्हा होती.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. टिल्लीचे ओठ निळे पडत चालले होते. मी तिला उचलून रस्त्यावर उभी राहिले. गाड्या जात होत्या, कुणी वेग कमी करत नव्हतं. मग एक अंड्यांचा टेम्पो करकचून ब्रेक मारून थांबला. ड्रायव्हरने काही विचारलं नाही, आम्हाला वर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

टिल्ली वाचली. थोडा उशीर झाला असता तर नसती वाचली, असं डॉक्टर म्हणाले.

टेम्पोवाला बाहेर बाकावर बसला होता. मी त्याचे पाय धरायला गेले, तर त्याने मलाच विचारलं.

"ताई, तुमच्या सासूबाई कुठे राहिल्या? त्या पांढऱ्या गाडीपुढे उभ्या राहून हात करत होत्या, म्हणून तर थांबलो. तुम्ही तर मला दिसलाच नव्हता."

गाडीतल्या फोनवर माझा निरोप मिळून नवरा दवाखान्यात पोहोचला तोवर भाऊजीही आले. टिल्लीच्या खोलीत यायची त्यांची हिंमत झाली नाही. बाहेर भिंतीला टेकून त्यांनी भावाला सगळं सांगितलं. मी दाराआडून ऐकलं.

गेल्या थंडीत त्यांचा जोडीदार अशाच एका गाडीचं चाक बदलायला उतरला होता. मागून ट्रक आला. भाऊजींच्या डोळ्यांदेखत गेला तो. त्यानंतर भाऊजी खाली उतरेनासे झाले. गाडी शेजारी घ्यायची, खिडकीतून हात बाहेर काढायचा, आरशाला पट्टी बांधायची आणि निघायचं. आत बघायचंच नाही.

त्या करड्या गाडीलाही तशीच बांधली. मागच्या सीटवर पांघरूण घेऊन एक म्हातारी झोपली होती. आजारी होती. मुलगा मदत आणायला गेला तो धुक्यात गाडीखाली आला, त्यामुळे कुणाला सांगायला कुणी उरलंच नाही. दिवसभर गस्तीच्या गाड्या शेजारून गेल्या. सगळ्यांना पट्टी दिसली. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून न्यायला माणसं आली, तेव्हा दार उघडलं गेलं. काच आतून तळहातांनी भरलेली होती.

चौकशी झाली. भाऊजींनी साहेबांना एकच सांगितलं. मी उतरून पाहिलं होतं, गाडी रिकामी होती. धुक्यावर ढकलून प्रकरण मिटलं.

जोडीदाराचं ऐकून मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझ्या लेकीच्या गाडीशेजारून हा माणूस दोनदा पुढे गेला होता. मी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी हात जोडले, नवऱ्याने समजावलं. मी म्हटलं, या घरात राहतील ते तुमच्या नात्याने, माझ्या नाही.

भाऊजींनी रजा टाकली. गच्चीवरच्या खोलीत एकटेच राहू लागले. जेवायला बाहेर जायचे. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या जिना चढत नाहीत. नवरा कामाच्या निमित्ताने परगावी गेला होता. गच्चीवर जाणारी मी एकटीच, कपडे वाळत घालायला.

एका सकाळी त्यांच्या कडीला पिवळी पट्टी दिसली.

मला वाटलं, गेले असतील कुठेतरी. आपणच बांधून गेले असतील. तरी मी दार ढकलून पाहिलं. राग असला म्हणून काय झालं, माणूस आहे मी. खोली रिकामी होती. पलंगावर चादर सरळ, उशी जागेवर. कुणी नव्हतं. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही पट्टी होती. मी कपडे वाळत घातले आणि खाली आले. तिसऱ्या दिवशीही.

मग त्यांचा ड्रायव्हर विचारत आला, फोन का उचलत नाहीत म्हणून. मी म्हटलं, घरात नाहीत. तो तरी वर गेला.

त्याची किंकाळी खाली ऐकू आली.

भाऊजी पलंगावर होते. पांघरूण घेऊन. तापाने गेले, डॉक्टर म्हणाले. पण पहिल्या दिवशी गेले नव्हते, असंही म्हणाले. गच्चीकडच्या खिडकीची काच आतून तळहातांनी भरली होती. ज्या खिडकीसमोर मी रोज कपडे वाळत घालत होते, तीच खिडकी.

पोलीस आले. मला विचारलं. मी सांगितलं. मी दार उघडून पाहिलं होतं. खोली रिकामी होती.

सासूबाई माझ्याकडे बघतात ते मला कळतं. नवरा काही बोलत नाही, तेही कळतं. तुम्हीही खाली काय लिहाल ते मला ठाऊक आहे. लिहा. पण मी पाहिलं होतं. खोली रिकामीच होती.

ती खोली आता बंद असते. पट्ट्या सगळ्या मी जाळून टाकल्या, कपड्यांना नायलॉनची दोरी आणली. टिल्लीची तब्येत बरी आहे. संध्याकाळी कपडे काढायला जाते तेव्हा ती माझ्यामागे जिना चढून येते आणि त्या दारापाशी उभी राहते.

काल म्हणाली, "आई, काका आतून हाक मारतोय. तू थांबत का नाहीस?"

मी थांबत नाही. कपडे गोळा करते, तिचा हात धरते आणि खाली येते.