काठोकाठ भरलेला अकरावा कप

सकाळी साडेनऊला कारखान्यातला पत्रा दाबणारा मोठा प्रेस कर्कश किंचाळला आणि जागीच अडकला. मुख्य बेअरिंग जळून निळं पडलं होतं. मालकांनी तेल घालणाऱ्या काकांना तडकाफडकी कामावरून काढलं आणि चौकशीला बाहेरच्या मेंटेनन्स कंपनीतल्या इंजिनिअर बाईंना बोलावलं.

काका तेलाचा डबा मांडीवर घेऊन दाराशी बसले होते.

"काका, आज तेल घातलंत?"

"प्रेसवरच्या अकराही तेलाच्या कपांत. एकतीस वर्षांत खाडा नाही."

"मुख्य बेअरिंगच्या, सगळ्यात वरच्या कपात किती घातलं?"

काका आठवू लागले. "थेंबभर. आठवडा झाला, तो भरलेलाच असतो."

वर चढायला शिडी हवी होती. शिडी कुलपात, किल्ली फोरमनच्या गळ्यातल्या पिवळ्या दोरीत. दोरी इतकी आखूड, की कुलूप उघडायला त्याला वाकावं लागलं. प्रेस चालवणारी त्याची धाकटी बहीण बाजूला उभी होती.

बाई खाली उतरल्या, तेव्हा त्यांच्या चिमट्यात एक काळी वात होती.

"बाकीचे दहा कप सकाळपासून निम्मे उतरलेत. हा काठोकाठ. म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत गेलंच नाही. कपातली सुती वात तेल ओढून खाली सोडते. ही नायलॉनची आहे, नायलॉन तेल पीत नाही. तेलात काळवंडली, म्हणून काकांच्या लक्षात आली नाही."

त्यांनी फडक्यानं वात पुसली. पिवळी निघाली.

"दादा, किल्लीची दोरी कधी कापलीत?"

फोरमननं बहिणीकडे पाहिलं. "गेल्या सोमवारी. महिन्यात दोनदा प्रेस आपोआप खाली आला. दुसऱ्यांदा हिचा हातमोजा आत राहिला. तीन अर्ज दिले. म्हटलं, हा बंद पडला तर नवा आणतील. काकांवर येईल, हे डोक्यातच आलं नाही."

"काका, तुम्ही कामाला लागा," मालक म्हणाले. "फोरमन, किल्ल्या ठेवा आणि निघा."

"आणि प्रेस?" बाईंनी विचारलं.

"बेअरिंग गोदामात आहे. जेवणानंतर बसवून घ्या."

"तो आपोआप खाली येतो, साहेब."

"मग रिपोर्टमध्ये लिहा."

बाईंनी लिहिलं. तीन अर्जांवर हा चौथा कागद पडला.

तीनला प्रेस सुरू झाला. बहीण आपल्या जागी बसली, घरात आता तिचीच नोकरी उरली होती. बाई सुट्टी होईपर्यंत प्रेस थांबवायच्या लाल बटणापाशी उभ्या राहिल्या. उद्या त्यांना दुसऱ्या कारखान्यात जायचं होतं.